परत आलेल्या सात गाठी

यवतमाळ, ता. १२ नोव्हेंबर १९५९

चि. श्रावण यास दादाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

हा कागद गोदीतल्या आपल्या सगळ्यांना वाचून दाखव. भावांनो, आम्ही जिनात कापूस साफ करतो, तुम्ही गाठी बोटीत चढवता. माल कुठे जातो हे आपल्याला कोणी सांगत नाही. बिघडला की मात्र आपलीच आठवण होते. आमच्या जिनाच्या सात गाठी जपानहून मुंबईला परत आल्या, आतून बुरशी धरलेल्या. मालकाने गाठी न पाहताच ठरवले की बायांनी कापसावर पाणी सांडले. तुझ्या कांतावहिनीसह वस्तीतल्या बावीस जणींना फाटकातून परत धाडले. मुकादमाचा राग तर भीमजयंतीला सगळ्या जणींनी सुट्टी घेतली तेव्हापासूनचा. तेव्हाच म्हणाला होता की जा, नाचा, तुमच्याबिगर गाठी दाबायची प्रेस बंद पडत नाही.

गाठीवर प्रेसची खूण आणि नंबर रंगवलेला असतो. तो शोधून धाड. लोभ आहेच, त्याला थोडे कष्ट जोड.

भीमराज

मुंबई, ता. २६ नोव्हेंबर १९५९

ती. दादास श्रावणचा जयभीम. वि. वि.

पत्र चाळीस जणांनी ऐकले. साताऱ्याचा एक गडी म्हणाला की तुझा भाऊ पोस्टातूनही सभा घेतो.

गाठी गुदामात सापडल्या. नंबर १४१८ ते १४२४, सलग. एकीत हात घातला. ओल समुद्राची नाही. ती गाभ्यात आहे, म्हणजे गाठ दाबण्याआधीची. हे वहिनींवर उलटेल म्हणून लिहिताना थांबलो. पण तुम्हीच खरे ते लिहायला शिकवलेत. वहिनींना माझ्यावर रागावू देऊ नका.

श्रावण

यवतमाळ, ता. १० डिसेंबर १९५९

चि. श्रावण आणि गोदीतल्या भावांनो, जयभीम.

जिंकलो. तीन दिवस फाटकापुढे बसून तहसीलदारांसमोर प्रेसचे रजिस्टर उघडायला लावले. कारकून तुझे नंबर शोधत गेला आणि गाठी दाबल्याच्या तारखेवर अडखळला. १४ एप्रिल. जयंतीचा दिवस. बावीस जणींची त्या दिवशीची गैरहजेरी मुकादमाने स्वतःच लाल शाईने मांडलेली. तुझ्या वहिनीने त्याला शांतपणे विचारले की भाऊ, त्या दिवशी प्रेस आमच्याबिगर चालली होती ना, मंग पानी कोनं मारलं. तो खाली बघत चपला शोधू लागला. वजनासाठी आपणच पाणी मारल्याचे त्याने शेवटी कबूल केले. तू गाभ्यातली ओल लिहायला भ्यालास. पाणी गाठी दाबल्या त्याच दिवशी पडले, हे त्या ओलीनेच पक्के केले.

काल सगळ्या जणी कामावर गेल्या, पुढल्या जयंतीची सुट्टी लेखी घेऊनच. वहिनी म्हणते, श्रावणले सांगा, राग नाही.

भावांनो, लोभ असेल तर तो उद्याच्या पाळीपासून दिसू द्या. माल कुठे जातो हे आपले आपल्यालाच कळावे म्हणून, आमच्या खुणेची गाठ हाताखालून गेली की तिचा नंबर आणि बोटीचे नाव एका कार्डावर लिहा, आणि त्याच दिवशी टपालात टाका.

भीमराज