अडीच रुपयांचा नमुना

३ मार्च १९१८, रविवार
इंद्रभान मामा आले. कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढले. आत नवी अडीच रुपयांची नोट. नंबराच्या जागी सगळी शून्ये आणि मधोमध भोके पाडून इंग्रजीत 'स्पेसिमेन'. म्हणजे नमुना. ही बाजारात चालत नाही. खजिन्याच्या कचेरीत कोणी शंकेची नोट आणली की तिच्याशी ताडून पाहतात. मामा तिथे कारकून. माझ्या नोटांच्या इतिहासाच्या वहीत नक्कल उतरवायला त्यांनी पंधरा दिवसांसाठी दिली. म्हणाले, "अंजी, अठराले तपासणी हाय. तवापर्यंत हे वापस नाही आली त मले घरी बसा लागन."

मला अक्षरे मामांनीच जुन्या नोटांवरून शिकवली. वहीच्या पहिल्या पानावर दहाच्या जुन्या नोटेचा अर्धा तुकडा आहे. व्यापारी डाकेने नोट पाठवताना ती मधोमध कापतात. आधी एक अर्धा, त्याची पोच आली की दुसरा. वाटेत चोरी झाली तरी चोराच्या हाती अर्धाच. किती शहाणपणाची रीत.

संकल्प. एक: नोटेवर ओरखडा येऊ द्यायचा नाही. दोन: कोणावर हात उगारायचा नाही. दुसरा लिहायची खरे तर गरज नव्हती. माझा स्वभाव मऊ आहे.

५ मार्च
उत्तमदादाच्या बायकोने, कस्तुरावहिनीने, हळदीच्या हाताने नोट उचलली. मी तिचा हात बाजूला केला. उलथन्याने. उलथने आधीपासूनच माझ्या हातात होते, हे नमूद करते. दोन बोटे सुजली. ती म्हणाली, "अडीच रुपयासाठी माह्ये बोटं तोडतं काय?" गैरसमज राहू नये म्हणून मी सांगितले की हिची किंमत अडीच रुपये नाही, काहीच नाही. "मंग फुकटच्या कागदापायी मारलं मले?" असे म्हणून तिने परात माझ्या डोक्यात घातली. कानात अजून घणघण होते.

इतिहास समजावणे अवघड आहे. उद्यापासून आवाज खाली ठेवून समजावीन.

७ मार्च, दिवेलागण
आज केनवडचा बाजार. वांग्यांच्या पाट्या घेऊन दादा गेला, आणि लोकांना दाखवायला पटक्यात नोट खोचून गेला. मला न विचारता. मी मागोमाग धावले.

अडीच रुपयांची नोट तिथे कोणी पाहिलेली नव्हती. एकजण म्हणाला, "हे त खोटी हाय. भोकं पाह्य न." दादाने त्याच्या तोंडात मारली. मग त्याच्या भावाने दादाच्या, मग सगळ्यांनी सगळ्यांच्या. वांगी उडाली, वजने उडाली. दादाचा दात पडला तो पावशेराच्या वजनाने. मी फेकलेले अर्ध्या पावशेराचे होते आणि ते त्याच्या कानाला लागले. दोन्ही गोष्टी एक करून माझ्या नावावर लावू नयेत.

नोट दादाच्या मुठीत होती. मूठ उघडेना, म्हणून मनगटाला दात लावले. लावले, चावले नाही. सहा खुणा आहेत. नोटेवर एकही नाही. पहिला संकल्प शंभर टक्के पार पडला.

९ मार्च
शेळीने नोटेच्या डब्यात तोंड घातले. मी वरवंटा फेकला. शेळी हलली. बाबा हलले नाहीत.

त्यांची नडगी आवडाकाकूने बांधली. शेजारची म्हणून आली होती, पण माझ्याकडे तोंड करून बसली, एकदाही पाठ केली नाही. बाबा म्हणाले, "हे नोट घरात राह्यली त चौघं जण उचलून न्या लागन आपल्याले. आजच्या आज वापस कर." मी शांतपणे मान्य केले. नक्कल उतरवून झालीच आहे.

कचेरीपर्यंत घेऊन जायला दादा तयार नाही. त्याचा जबडा सुजला आहे, आणि माझ्यासोबत गाडीत बसणार नाही म्हणतो. डाकेने पाठवीन.

११ मार्च, सकाळी
रात्रभर डोळा लागला नाही. पाकीट कोणी फोडले तर? मामांची नोकरी जाईल. जबाबदारी माझी.

मग वहीचे पहिले पान दिसले.

पट्टी ठेवली, कात्री घेतली. अगदी मधोमध. दोन्ही अर्ध्यांवर शून्ये बरोबर राहिली. इतकी सरळ नोट कोणी व्यापाऱ्याने कापली नसेल. पहिला अर्धा रवाना. सोबत लिहिले, पोच येताच दुसरा पाठवते, काळजी नसावी.

१४ मार्च
पोच नाही. डाकवाल्या लखीरामला विचारले. पुन्हा विचारले. त्याच्या छत्रीची काडी मोडली, पण ती जुनीच होती. तो म्हणाला, "बाई, मी कागद वाटतो. मार खाचा पगार नाही मले."

१६ मार्च, दुपारी
मामा उन्हात चालत आले. वहिनीने परात छातीशी धरून दार उघडले. मामांनी अर्धी नोट जमिनीवर ठेवली. मी दुसरी आणून शेजारी ठेवली आणि विचारले, वाटेत सुखरूप आली ना?

मामांनी दोन्ही तुकडे एकमेकांना लावून पाहिले. मग म्हणाले, "हे कोणं चोरली असती, अंजी? हिचं एक वांगं भेटत नाही कोणाले."

मी व्यापाऱ्यांची रीत सांगितली. तुम्हीच शिकवली होती, हेही सांगितले.

"मीनंच शिकवली," म्हणाले, आणि कपाळावर हात मारून घेऊ लागले. चार वेळा. दादाने हात धरले तेव्हा थांबले. आज घरातला मार माझ्या हातचा नव्हता, हे लिहून ठेवते.

२ एप्रिल
कचेरीत दुसरा नमुना आला. मामांना घरी बसवले. घरी करमत नाही म्हणून आता आमच्या वांग्यांना पाणी देतात. कापलेले अर्धे कचेरीने त्यांच्याच हातात दिले. त्यांनी ते आज माझ्या उंबऱ्याबाहेर ठेवले, वर दगड ठेवला आणि मळ्यात निघून गेले.

दोन्ही वहीत चिकटवले. संग्रह पूर्ण झाला. दाखवायला हाका मारल्या. वहिनी चुलीमागून म्हणाली, "इथूनच दिसते."

आज कोणावरही हात उगारला नाही. हाताच्या अंतरात कोणी आले नाही.