सातवी पलटण जागेवर नव्हती

मी, लेनर्ड पर्सी स्टोरर, वय ७४ वर्षे, लेस कारखान्यातला निवृत्त यंत्र-कारागीर, राहणार कालव्याकडील रस्ता, घर क्रमांक १७, लाँग ईटन, डर्बीशायर, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी भरीस घातलेले नाही, आणि खालची सही माझीच आहे. फुप्फुसांच्या डॉक्टरांनी नाताळचा भरवसा देता येणार नाही असे सांगितले आहे. त्यांनी ते आडवळण न घेता सांगितले, याबद्दल त्यांचे आभार.

याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळे माझी पत्नी हेझल हिला दिले होते. ती १९ मार्च रोजी वारली.

वकील मिस कॉटन यांचे म्हणणे असे की यातला निम्मा मजकूर मृत्युपत्रात लागत नाही. मी म्हणालो, मला लागतो. त्यांनी दोनदा समजावून पाहिले आणि मग टंकलेखनाला बसल्या.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मिस कॉटन यांनी करावी.

२. राहते घर, त्यातील सामान आणि अंत्यविधीचा खर्च जाऊन बँकेत उरेल ती रक्कम पेट्राला द्यावी. पेट्रा ही माझा मेहुणा रॉडनी याची मुलगी. हेझल गेल्यापासून ती दर रविवारी येते, काही विचारत नाही, भांडी घासते आणि जाते. तिला कोणतीही अट नाही.

३. मेहुणा रॉडनी याला १९ मार्चचे माझे बसचे तिकीट द्यावे. ते स्वयंपाकघरातल्या घड्याळामागे आहे. अंत्यविधीनंतरच्या चहाला त्याने पंधरा माणसांदेखत म्हटले, "माझी बहीण गेली तेव्हा लेन जागेवर नव्हता." हे खरे आहे. मी नव्हतो. त्या दुपारी इस्पितळातल्या खाटेवरून हेझलने मला सांगितले, "लेन, घरून पेटी नंबर चार घेऊन ये. मला काहीतरी सापडलंय. पळ." मी म्हणालो, उद्या आणतो. ती म्हणाली, "उद्या नको." तिकिटावर वेळ छापलेली आहे. ती गेली तेव्हा मी तिच्या कार्डांची पेटी मांडीवर घेऊन इस्पितळाकडे परतणाऱ्या बसमध्ये होतो. रॉडनीला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही, कारण मला चारचौघांत बोलता येत नाही. हे उत्तर समजावे.

४. माझे कुंचले, कानशी, चिमटे आणि भिंग गुरुवार मंडळाला द्यावे. पांढऱ्या रंगाची डबी मात्र मंडळाचे चिटणीस मॉरिस प्लॅट यांना वैयक्तिक द्यावी. डबी भरलेली आहे. त्यांना लागेल.

५. ज्यांना मंडळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे लिहितो, कारण पुढची कलमे त्याशिवाय कळणार नाहीत.

चॅपलच्या, म्हणजे इथल्या छोट्या प्रार्थनाघराच्या, मागच्या सभागृहात आम्ही दर गुरुवारी जमतो. 'विझल्या सूर्यांचे युद्ध' या कादंबऱ्यांतल्या लढाया आम्ही टेबलावर बोटभर उंचीच्या शिसाच्या सैनिकांनिशी खेळतो. आजवर एकतीस पुस्तके आली आहेत. खेळ तासभर चालतो आणि वाद तीन तास. मी वाद घालत नाही. मी सैनिक रंगवतो. हेझल वाद घालत असे. एकतीस वर्षे ती इस्पितळात वॉर्डची सिस्टर होती आणि तिने एकतीस पुस्तकांतली प्रत्येक तारीख, जहाज, पलटण आणि आकडा कार्डांवर उतरवून सहा पेट्यांत लावला होता.

मंडळाची एक रीत आहे. नवीन पुस्तक येणार असे जाहीर झाले की ज्याचा जो दावा असेल तो त्याने कागदावर लिहायचा, तपकिरी पाकिटात बंद करायचा, वर नाव घालायचे आणि बिस्किटांच्या डब्यात टाकायचा. पुस्तक आले की डबा उघडून सगळे दावे मोठ्याने वाचायचे. ज्याचा दावा खोटा ठरेल त्याने आपल्या सैन्यातील एका शिपायाचा टोप पांढरा रंगवायचा, आणि तो पांढरा टोप पुढे कायम मैदानात उतरवायचा. हेझलच्या सैन्यात पांढरे टोप दोन. डेझमंड टॅगच्या सैन्यात अकरा.

६. डेझमंड हा शाळेत इतिहास शिकवत असे. हेझलचा आणि त्याचा वाद एकोणीस वर्षे चालला. तो असा.

बाराव्या पुस्तकात केल्डा ग्रह पडतो. शेवटचे जहाज निघेपर्यंत दरवाजा राखण्याचा हुकूम सातव्या पलटणीला होता. शत्रू त्याच दरवाजाने आत आला. त्याबद्दल पुस्तकात एकच वाक्य आहे: सातवी पलटण जागेवर नव्हती. सगळे चाहते, इथले आणि जगभरचे, तेव्हापासून म्हणत आले की सातवी पळाली.

"सिस्टर, पळाली म्हणजे पळाली," डेझमंड म्हणायचा. "छापील आहे."

"छापील एवढंच आहे की जागेवर नव्हती. पळाली हे तू तुझ्या पदरचं घातलंयस."

"मग गेली कुठं? वाटाणे खायला?"

"बाविसावं पुस्तक काढ. इस्पितळ-जहाजाची यादी. केल्डावर असताना जखमी तीनशे चाळीस. मुक्कामाला पोचलं तेव्हा चारशे बारा. आणि त्याच पानावर लिहिलंय, चालता येईल असा एकही नाही. डेझमंड, उभी हयात वॉर्डात गेलीय माझी. चालता न येणारी माणसं आपली आपण जहाजात चढत नाहीत. बहात्तर जणांना कोणीतरी खांद्यावर घेऊन आणलं. कोणी आणलं त्यांची नावं सांग, मी गप्प बसते."

"लेखकाची बेरीज चुकली असेल."

"मग तुझं बारावं पुस्तकसुद्धा चुकलं असेल!"

एकोणीस वर्षांत डेझमंडने नावे सांगितली नाहीत आणि ती गप्प बसली नाही. मंडळात बाकीचे हसत. "सिस्टरला सगळीकडे पेशंटच दिसतात," असे मॉरिस म्हणत. ती घरी आल्यावर हे मला सांगायची आणि स्वतःही हसायची, पण दुसऱ्या दिवशी आणखी एक कार्ड लिहायची.

या जानेवारीत जाहीर झाले की तीन नवी पुस्तके येणार, आणि पहिल्याच पुस्तकात केल्डाचा पाडाव सबंध सांगितला जाणार. प्रकाशनाची तारीख १४ नोव्हेंबर, गुरुवार. हेझलने त्याच आठवड्यात आपले पाकीट डब्यात टाकले.

७. कबुली. मंडळाचा नियम नऊ असा की सभासद वारल्यास त्याचे पाकीट न उघडता जाळावे. कारण असे दिले जाते की मेलेल्या माणसाला पांढरा टोप रंगवता येत नाही, आणि ज्याला हार सोसता येत नाही त्याने जीत मागू नये. नियम चांगला आहे. मीही त्याला हात वर केला होता, तेव्हा हेझल माझ्या शेजारी बसली होती.

४ एप्रिलला मॉरिसनी सर्वांसमोर एक मिनिट शांतता पाळून हेझलचे पाकीट शेगडीत टाकले. ते तिचे नव्हते. सभेआधी मी डब्यातले पाकीट बदलले. जळाली ती गालिचे विकणाऱ्या दुकानाची जाहिरात. वरचे नाव मी तिच्या अक्षरासारखे काढले होते. सत्तेचाळीस वर्षे कारखान्यात लेसच्या नकला उतरवल्या, त्यामुळे जमले. मला याचे वाईट वाटत नाही. मॉरिस यांनी हे वाचून मला मंडळातून काढायचे ठरवल्यास त्यांनी ते लवकर करावे.

खरे पाकीट घरी आहे. मी ते उघडलेले नाही. तिचा दावा मला माहीत आहे, पण तिने तो कोणत्या शब्दांत लिहिला ते सर्वांबरोबरच ऐकायचे आहे.

८. सभागृहातले बारा फुटी टेबल माझ्या मालकीचे आहे. केल्डाचा दरवाजा, भिंती आणि तळघरे मी त्यावर दोन हिवाळ्यांत बांधली. हे टेबल मंडळाला द्यावे, परंतु हेझलचा दावा १४ नोव्हेंबरला वाचला गेला तरच. न वाचल्यास टेबल चॅपलच्या बायकांना केक मांडायला द्यावे.

९. हेझलचे पाकीट मी डेझमंड टॅग याला देतो. त्याने ते आपल्या नावाच्या पाकिटात घालून डब्यात टाकावे, म्हणजे हरल्यास टोप रंगवायला जिवंत माणूस आहे आणि नियम नऊ आड येत नाही. मी नोव्हेंबरपर्यंत नक्की टिकणार असतो तर ते माझ्याच नावाने टाकले असते. पण तोवर टिकेन अशी पैज मी लावणार नाही.

मला ठाऊक आहे की नियम चारप्रमाणे एका सभासदाचे एकच पाकीट. तिचे टाकायचे तर डेझमंडला स्वतःचे काढून घ्यावे लागेल. एकोणीस वर्षे ज्या दिवसाची वाट पाहिली त्या दिवशी त्याला स्वतःचा दावा मांडता येणार नाही. हे मी विसरून लिहिलेले नाही.

त्यालाच का, याचे कारण असे. मे महिन्यात तो आमच्याकडे आला, हेझलच्या खुर्चीसमोर बसला आणि त्याने चहा निवू दिला. मग म्हणाला, "लेन, बाविसाव्यातल्या त्या यादीवर मला तोड सापडलीय. पक्की. सांगू कोणाला आता? मॉरिसला सांगितली, तर तो हो हो म्हणाला. हो हो!" आणि तो उठून गेला.

१०. सातवी पलटण, एकूण साठ शिपाई, हेझलने जमवलेले आणि मी रंगवलेले, हीसुद्धा डेझमंडला द्यावी. अट एकच. नवे पुस्तक काहीही म्हणो, या साठांपैकी एकाही टोपाला पांढरा रंग लागता कामा नये. हार झालीच तर डेझमंडने आपल्या स्वतःच्या शिपायाचा बारावा टोप रंगवावा. लेखकाला बाविसाव्या पुस्तकातली आपलीच यादी आठवत नसेल तर ती त्याची चूक आहे. बहात्तर माणसे कोणीतरी उचलून आणली. छापून आले म्हणून ती परत खाली ठेवता येत नाहीत.

११. पेटी क्रमांक चार माझ्या शवपेटीत ठेवावी. त्यातल्या कार्डांची नक्कल पेट्राने करून ठेवली आहे.

कायद्याने, ज्याला काही मिळायचे आहे त्याला साक्षीदार होता येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना बोलावले. दोघांनीही यातले एकही पुस्तक वाचलेले नाही. माझी सही दोघांच्या डोळ्यांदेखत झाली आणि त्यांच्या सह्या माझ्यासमोर झाल्या.

लाँग ईटन, मंगळवार, ३ सप्टेंबर २०२४
लेनर्ड पर्सी स्टोरर
साक्षीदार: बर्नडेट फॉय, घर क्रमांक १५
साक्षीदार: इम्रान चौधरी, घर क्रमांक १९

पुरवणी

वरील मृत्युपत्रातील कलम ९ मी रद्द करतो. कारण खालीलप्रमाणे.

असली गोष्ट माणसाला वकिलाकडून कळू नये म्हणून मी रविवारी डेझमंडला घरी जेवायला बोलावून कलम ७ ते ९ वाचून दाखवली आणि पाकीट त्याच्यापुढे ठेवले. त्याने ताटातले वाटाणे संपवले, पाकीट कोटाच्या आतल्या खिशात घातले आणि गेला.

काल गुरुवारी सभा सुरू होताच तो उठला आणि मॉरिसना म्हणाला, "डबा दे."

"आत्ता? डबा नोव्हेंबरात उघडतो आपण."

"दावा बदलायचाय. नियम पाच. प्रकाशनाच्या आदल्या दिवसापर्यंत बदलता येतो."

त्याने स्वतःचे पाकीट काढले, आडवे फाडले, उभे फाडले आणि तुकडे खिशात घातले. मग दुसरे टाकले. ते दुप्पट जाड होते. मॉरिसनी ते उजेडासमोर धरले.

"डेझमंड, आत आणखी एक पाकीट आहे. आणि हे अक्षर हेझलचं दिसतंय."

"वर नाव कोणाचं आहे?"

"तुझं."

"झालं तर मग."

"पण ते तर मी जाळलं! माझ्या या हातांनी!"

"तू गालिच्याची जाहिरात जाळलीस, मॉरिस. एक मिनिट उभा राहून."

मागून कोणीतरी हसले आणि सगळेच हसले. मॉरिसनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली नाही. त्यांनी डबा बंद केला.

"म्हणजे सातवी पळाली नाही, असं म्हणायचंय तुला?" मॉरिस डेझमंडला म्हणाले. "एकोणीस वर्षांनी?"

"पळालीच. सिस्टर चुकीचीच आहे, मी आजही म्हणतो," डेझमंड म्हणाला. "पण वाचायचंय तर नीट वाचलं पाहिजे. तिचं म्हणणं माझ्याइतकं कोणी ऐकलेलं नाही."

सबब कलम ९ माझ्या हयातीतच पुरे झाले असून त्याची गरज उरलेली नाही. बाकीची कलमे जशीच्या तशी राहतील, पांढऱ्या रंगाच्या डबीसह.

एक सूचना वाढवतो. १४ नोव्हेंबरला मी सभेत असेन असे धरून चालावे. नसलो, तर हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढे गैरहजर लिहू नये. पेटी क्रमांक चार पोचवायला गेला आहे, असे लिहावे.

लाँग ईटन, शुक्रवार, १३ सप्टेंबर २०२४
लेनर्ड पर्सी स्टोरर
साक्षीदार: बर्नडेट फॉय
साक्षीदार: इम्रान चौधरी