कृपया मुलांना आणू नये

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. कंबर धरल्यामुळे मी सध्या फ्रिजवर कागद ठेवून उभ्याने लिहितो आहे. कंबरेचं कारण पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? बरे असतीलच. भावजींचा खोकला? थांबला असेलच. मुलं अभ्यास करत असतील, नसतील तर तो त्यांचा प्रश्न. असो, मुद्द्याकडे येतो.

लायब्ररीतल्या बाईंबद्दल मी तुला फोनवर सांगितलं होतं. (त्यावर तू जी शिट्टी वाजवलीस ती तुझ्या वयाला शोभत नाही.) बाईंची खालची दाढ मी भरली, वरची वाचवली, आणि या सगळ्यात माझीच मुळं हलली. इतकं नीट घासलेलं तोंड माझ्या दवाखान्यात आजवर आलेलं नाही. पण दातांच्या डॉक्टरने मनातलं सांगायचं कुठे? खुर्चीत? गालात कापूस, डोळ्यांवर दिवा, माझ्या हातात हत्यार. अशा वेळी माणूस कशालाही मान हलवतो, तो होकार धरता येत नाही. म्हणून ठरवलं, चार सभ्य माणसं शनिवारी संध्याकाळी जेवायला बोलवायची, त्यांत बाईंना बोलवायचं, आणि बाकीचे उठले की बाईंना म्हणायचं, तुम्ही कॉफी घेऊन जा. बाकीचे म्हणजे वकीलसाहेब, त्यांच्या सौ. आणि शाळेच्या मुख्याध्यापिका. सगळे माझेच पेशंट. (मला दुसरी माणसं भेटतात कुठे?)

वकिलांना जुळे मुलगे आहेत. त्यांतल्या एकाने मागे माझ्या बोटाचा चावा घेतला होता. कोणत्याने, ते त्यांच्या आईलाही सांगता आलं नाही. शिवाय माझा सोफा नवा आहे, आणि रंग सायीसारखा. तेव्हा आमंत्रणाच्या कार्डावर मी ठळक अक्षरांत छापून घेतलं, ‘कृपया मुलांना आणू नये’. ताई, लोक साक्षर असतात हा आपला गैरसमज आहे. ही ओळ प्रत्येकाने दुसऱ्याच्या मुलांबद्दल वाचली. वकीलसाहेब दारातच म्हणाले की आम्ही कुठे आणली, ती स्वतःच्या पायांनी आली. मुख्याध्यापिकाबाईंनी नात आणली होती. ही पोरगी इतकी शहाणी आहे की तिला मुलांत धरतच नाहीत, असं त्यांचं म्हणणं. लायब्ररीवाल्या बाई तेवढ्या एकट्या आल्या, हातात कागदात बांधलेलं एक पुस्तक. सूचना वाचता येणारं माणूस शेवटी लायब्ररीतच सापडतं, असं मी त्यांना सगळ्यांच्या देखत सांगितलं. त्या किंचित हसल्या. मला दात दिसले नाहीत, तिथेच मी ओळखायला हवं होतं.

मग जेवण. मशरूमचं सूप मी स्वतः केलं होतं. जुळ्यांनी त्यातले मशरूम बोटांनी उचलून हे कुणाचे तरी कान आहेत असं जाहीर केलं आणि त्यांतला एक कान सोफ्यावर ऐकायला ठेवला. त्यांची आई हसली. (आपल्या पोराने दुसऱ्याच्या सोफ्याचं वाटोळं केलं की आयांना तो गोड वाटतो.) मी बाईंशेजारी बसलो होतो. आपले विचार जुळतात हे त्यांना कळावं म्हणून मी सूप संपेपर्यंत मुलांवरच बोललो. म्हटलं, मूल म्हणजे घराला लागलेली कीड, वेळीच लक्ष दिलं नाही की आतून पोखरतं. म्हटलं, तुम्ही सुखी आहात, संध्याकाळी निवांत वाचत बसत असाल. बाई दोनदा काहीतरी सांगायला गेल्या. दोन्ही वेळा मी पुढचा प्रश्न विचारला. आमच्या धंद्यात तशी सवयच लागते बघ. कापूस कोंबायचा, घरी कोण कोण असतं म्हणून विचारायचं, आणि समोरचा आवाज काढायला लागला की म्हणायचं, बोलू नका, भरलेलं हलेल.

एवढ्यात घरात शांतता पसरली. मला वाटलं, कार्टी दमली. तू दोन वाढवली आहेस, तू ताटावरून उठून धावली असतीस. मी मात्र बाईंना आणखी पाव वाढला. मग दवाखान्याच्या बाजूने टाळ्या ऐकू आल्या. घर आणि दवाखाना यांच्यामध्ये पैसे घ्यायची खिडकी आहे, तिचा पडदा सरकला आणि खिडकीत वकीलसाहेबांचा जबडा उगवला.

पेशंटच्या दातांचे प्लास्टरचे साचे मी फळीवर ठेवतो, खाली नावं लिहून. शहाण्या नातीला वाचता येतं, आणि जुळ्यांना फळीवर चढता येतं. वरचा जबडा एका हातात, खालचा दुसऱ्या हातात, मधून आवाज. मुख्याध्यापिकांचा जबडा म्हणाला, वकील कोर्टात हरतो म्हणून जेवताना वाद घालतो. वकिलांचा जबडा म्हणाला, ती मास्तरीण आली की जेवण नसतं, परीक्षा असते. वकिलीणबाईंचा जबडा म्हणाला, हा दातवाला फुकट जेवायला घालत नाही, नक्की कुणाची तरी दाढ काढायची असणार. (सगळं घरचंच वाङ्मय. मुलांनी पदरचं काही घातलं नाही.) शेवटी माझे दात आले. मी शिकताना केलेला साचा, पुढच्या दोन दातांत फट. ते नुसते खडाखड आपटत होते. ‘सोफा! सोफा! मुलं नकोत! सोफा!’

ताई, इथे पहिल्यांदा बाई मोकळ्या हसल्या. अगदी अक्कलदाढेपर्यंत. मलाही फार बरं वाटलं. मग त्या उठून खिडकीशी गेल्या आणि नातीला म्हणाल्या, माझे दात नाहीत का गं? नातीने शोधून दिले, पण म्हणाली, तुमच्या घरी काय बोलतात ते आम्हाला माहीत नाही. बाईंनी दोन्ही जबडे हातात घेतले, माझ्याकडे धरले आणि त्यांच्या तोंडून म्हणाल्या, ‘माझ्या घरी माझी मुलगी आहे. सात वर्षांची. आज ती शेजारच्या आजींकडे आहे, कारण कार्डावर लिहिलं होतं.’

जबडे त्यांनी जागच्या जागी ठेवले, पर्स घेतली, सूप छान होतं म्हणाल्या आणि गेल्या. सगळ्यांत जास्त वाईट मला त्या सुपाच्या कौतुकाचं वाटलं. पुस्तक मी मागाहून उघडलं. गोष्टींचं होतं, चित्रांसकट. आत चिठ्ठी, ‘वेटिंग रूमसाठी. तिथे मुलं घाबरून बसलेली असतात.’

असा तुझा भाऊ. मोठ्यांना नमस्कार, लहानांना, जपून, आशीर्वाद.

तुझा,
दातवाला

ता. क. कंबरेचं राहिलं. सोमवारी दवाखाना बंद ठेवून लायब्ररीत गेलो. बाई कामात होत्या. टेबलामागून एक पोरगी बाहेर आली आणि म्हणाली, मुलं न आवडणारे ते तुम्हीच का? मी हो म्हटलं. मग तिने मला मुलांच्या विभागातल्या खुर्चीत बसवलं (ती आपल्या पाटापेक्षा बोटभर उंच असेल) आणि तिचा एक दात हलतोय, तो कधीपासून, कसा, कुणाकुणाला दाखवला आणि मला का दाखवणार नाही, ते सगळं सांगितलं. मी एकही प्रश्न विचारला नाही. उठताना कंबर गेली. मायलेकींनी दोन हातांना धरून ओढलं तेव्हा सुटलो.

ता. क. २. येत्या रविवारी पुन्हा जेवण आहे. कार्ड छापून आलं, ‘मुलांनी जरूर यावे. मोठ्यांना आणलेच पाहिजे असे नाही.’ एक मोठी मात्र येते म्हणाली आहे. तू दोन्ही पोरांना घेऊन शनिवारीच ये. मुलांना काय खायला घालतात, ती कधी झोपतात, यातलं मला काही कळत नाही. सोफ्यावर टाकायला जुन्या चादरी आण.

ता. क. ३. तुझे गुडघे कसे आहेत, भावजींचा खोकला थांबला का, ते सविस्तर लिही. वर विचारलं होतं, पण आता खरंच विचारतो आहे.