बाबांच्या ब्रेकमधली हवा

रविवार, संध्याकाळ

बाबांच्या मोटरसायकलचा पुढचा ब्रेक स्पंजसारखा झालाय, म्हणून ब्रेकच्या तेलाच्या पाइपमधली हवा काढायला आम्ही दोघं बसलो. काम साधं. बाबांनी ब्रेक दाबून धरायचा, मी खालचा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे बाहेर आले की घट्ट करायचा, आणि मगच त्यांनी सोडायचा. आधी सोडला की हवा परत आत.

पण बुडबुडे संपेचनात! वॉशर बदलला, पाइप तपासला. मग हवा येतेय कुठून?

"बाबा, मी सांगेपर्यंत सोडू नका हो."

"अगं, सोडतोय कोण?"

शेवटी मी स्क्रूवरची नजर काढून त्यांच्या हाताकडे पाहिलं. बोटं आपोआप उघडत होती. त्यांना कळत नव्हतं. की कळत होतं?

मग आईला बोलावलं. तिने पिठाच्या हातानेच दाबून धरला आणि ब्रेक कडक झाला.

"झाला ना नीट? उगाच मला बोलत होतीस," बाबा म्हणाले. उद्या याच गाडीवरून हडपसरच्या गर्दीत जाणार ते.

ती उघडणारी बोटं डोळ्यांपुढून हलत नाहीत. गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवलीय. सकाळी बाबा ती शोधायला लागतील, तेव्हा काय सांगू? ब्रेक तर नीट झालाय.