बाणाचा ठराव

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

एक्क्याऐंशी सालातला एक रविवार. ब्रिस्टलला येऊन आम्हाला दोन महिने झाले होते. माझा नवरा सियोन नदीवर गळ टाकून बसलेला, मी शेजारी घडीच्या खुर्चीत, मांडीवर अंड्याच्या सँडविचेसचा डबा. चार तास काही नाही. मग एकदम मोठा कार्प लागला. हातभर लांब, पितळेच्या परातीसारखा पिवळा. खवले होते, म्हणजे आम्हा यहुद्यांना चालणारा. नारळ कुठे मिळेल इथपर्यंत माझा विचार जाऊन पोचला — आणि या माणसाने गळ काढून तो मासा अलगद पाण्यात सोडून दिला! म्हणे, इथे असंच करतात. मी सँडविचेसचा डबा बंद केला. त्या रात्री आम्ही टोस्टवर बीन्स खाल्ले.

आज हे आठवलं ते आमच्या मुलामुळे, अरीमुळे. आज जेवायला आला होता. तीन वर्षं नोकरीसाठी अमेरिकेत मिसूरीला राहिला आणि तिथून मासे मारायचं धनुष्य घेऊन आला. त्याची बायको डॅनिएला ते कार्डिफच्या फ्लॅटमध्ये ठेवू देत नाही म्हणून ते आमच्या गराजमध्ये पडलंय. जुलैत बापलेक बागेत जुन्या गादीवर नेम धरत होते, तेव्हा किती हसत होते दोघं!

आता हसू नाही. अरीने आमच्या मासेमारी क्लबकडे ठराव दिलाय. नदीच्या ज्या जुन्या फाट्यात आमचे मोठे कार्प राहतात, तिथे वर्षातून सहा दिवस बाणाने मासेमारी करू द्यावी. कायद्याने इथे बाण चालत नाही, हे त्याला माहीत आहे. क्लबने मासेमारी खात्याकडे खास परवानगी मागावी, एवढंच त्याचं म्हणणं.

सियोनने ताटावरून मान वर केली नाही. तीस वर्षं तो त्या पाण्याचा बेलिफ आहे, म्हणजे रखवालदार. बिनपगारी.

३१ ऑगस्ट, रविवार

कमिटीची बैठक. मी सेक्रेटरी, म्हणून एका कोपऱ्यात लिहीत बसले. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आग्नेस सांगायच्या, जे बोललं गेलं तेवढंच लिहायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही. सेक्रेटरी झाल्यापासून अकरा वर्षं मी त्यांचं ऐकत आले आहे.

अरीने पिशवीतून एक बाण काढून टेबलावर ठेवला. पांढरा, जाड, टोकाला उलटे काटे. कॉलिन आमचा चेअरमन. त्याने तो हातातसुद्धा घेतला नाही.

अरी चांगला बोलला. कार्प इथला मासा नव्हेच, तळ उकरून पाणी गढूळ करतो, दुसऱ्यांची अंडी खातो. क्लबचे सभासद निम्म्यावर आलेत. धनुष्यवाले आले तर क्लब जगेल. सियोन एवढंच म्हणाला, "गळाला लागलेला मासा सोडता येतो. बाण लागलेला नाही." आणि त्याने उलट ठराव दिला — वीस पौंड वजनावरचा प्रत्येक मासा परत पाण्यात सोडायचा, आणि काठावर धनुष्य कधीच आणायचं नाही.

दोन्ही ठराव सोळा तारखेच्या सभेत मताला येणार. चेउलकर विरुद्ध चेउलकर, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मी ते लिहिलं नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

सियोन सभासदांच्या यादीवर पेन्सिलीने खुणा करतोय. अरीकडे चोवीस, त्याच्याकडे एकोणीस. तरणी पोरं सगळी तिकडे.

मी म्हटलं, हरलास तर हरलास, खातंच परवानगी देणार नाही. तो म्हणाला, आणि दिली तर? त्या फाट्यात बारा मोठे मासे आहेत. त्यांना संपवायला सहा दिवस पुरे झाले.

बाराच्या बारा तो ओळखतो. पोरांची शाळेची यादी म्हणावी तशी मला म्हणून दाखवली.

५ सप्टेंबर, शुक्रवार

अरीला फोन करून म्हटलं, ठराव मागे घे, डॅडींसाठी. तो म्हणाला, "मम्मी, डॅडींनीच शिकवला ना मला, जे बरोबर वाटते ते सांगायचा." चाळीस वर्षांचा झाला तरी त्याचं मराठी धड होत नाही. पण बोलला ते खरंच होतं. मी फोन ठेवला.

९ सप्टेंबर, मंगळवार

डचेस मेली.

फाट्यातली सगळ्यात मोठी मादी, बत्तीस पौंडांची. नाव क्लबनेच दिलेलं. कॉलिनच्या नातवाने तिच्याबरोबर फोटो काढून घेतला होता, मागच्या वर्षी एका आजारी सभासदाला तिला बघायला म्हणून मुद्दाम व्हीलचेअरवरून नेलं होतं. दुपारी कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईला ती उथळ पाण्यात आडवी दिसली. कल्ल्यामागे बाण. पांढरा, जाड, टोकाला उलटे काटे.

सियोन सकाळीच गस्तीला जाऊन आला होता. मांडीपर्यंत भिजून आला, चहासुद्धा घेतला नाही, सरळ वर जाऊन झोपला. बातमी आली तेव्हा मीच वर जाऊन सांगितली. भिंतीकडे तोंड करून पडला होता. म्हणाला, "कळलं."

मी त्याच्या पाठीवर हात फिरवत बसून राहिले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तो बाण या भागात दुसऱ्या कोणाकडे नाही. कोणी मला तसं बोलून दाखवत नाही. कॉलिनच्या बायकोने दुकानात माझी विचारपूस जरा जास्तच केली.

अरीला फोन केला. त्याने बाणाचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, डॅडी कसे आहेत? मी म्हटलं, कसे असणार? म्हणाला, त्यांना एकटं नदीवर पाठवू नको.

मला विचारायचं होतं ते विचारलं नाही. त्यानेही आपणहून 'मी नाही मारली' असं म्हटलं नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सभा झाली. त्रेचाळीस माणसं.

कॉलिनने पडद्यावर डचेसचा फोटो लावला. काठावर ठेवलेली, वजन करताना अंथरतात त्या चटईवर. मागच्या बाकावरची तरणी पोरं, जी अरीच्या बाजूची, त्यातल्या दोघांनी माना खाली घातल्या. कॉलिनने बाण वर धरला आणि अरीला विचारलं, हा तुझा आहे का?

अरी उठून उभा राहिला. आधी सियोनकडे बघितलं. बराच वेळ. मग म्हणाला, "हो. बाण माझा आहे."

आणि बसला. ना खुलासा, ना माफी. कोणी काही विचारलं तरी मान हलवून नाही.

सियोनचा ठराव एकोणचाळीस विरुद्ध चार मतांनी मंजूर. अरीचा मताला टाकलाच नाही. नंतर कॉलिन म्हणाला, सभासदत्व रद्द करावं लागेल. हात वर झाले. मी लिहायला लागले होते म्हणून माझा हात वर गेला नाही, एवढंच.

मी लिहिलं: 'श्री. अरी चेउलकर यांनी मासा मारल्याचे कबूल केले.'

गाडी मी चालवत होते. मला माझ्या पोटच्या पोराची लाज वाटली. सिग्नलला थांबलो तेव्हा मी सियोनला म्हटलं, तू त्याला नदीवर घेऊन जायचास तेव्हा पाच वर्षांचा होता, मासा सोडताना रडायचा. सियोन म्हणाला, दिवा हिरवा झालाय.

१८ सप्टेंबर, गुरुवार

अरीला क्लबचं पत्र. मजकूर कॉलिनचा, अक्षर माझं, खाली सही माझी. 'आपले सभासदत्व तत्काळ रद्द करण्यात येत आहे.' पाकिटावर पत्ता लिहिताना तीन वेळा थांबले. कार्डिफचा तो पत्ता मी एरवी फक्त वाढदिवसाच्या कार्डांवर लिहिते.

२४ सप्टेंबर, बुधवार

आमच्या यहुदी नवीन वर्षाला अरी आला नाही. डॅनिएलाचा फोन आला. मासेमारी खात्याच्या बाईने त्याला सहा ऑक्टोबरला चौकशीला बोलावलंय. खटला होऊ शकतो. त्याच्या कंपनीत ही गोष्ट कळली तर काय होईल, सांगता येत नाही. डॅनिएला रडत नव्हती, रागावली होती. "मम्मी, तो मला पण काही सांगत नाही. मी विचारलं की म्हणतो, इट्स डन."

सियोनला हे सांगितलं. तो बागेत गेला आणि अंधार पडेपर्यंत आलाच नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

सियोन जेवत नाही. ठराव जिंकला, तरी पाण्यावर जात नाही. किल्ल्या खुंटीवर तशाच. मी म्हटलं, जा, बघून ये, अकरा तरी आहेत ना. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

१ ऑक्टोबर, बुधवार, दुपार

आज सूर्यास्ताला दारफळणीचा सण लागेल, आमचा क्षमेचा दिवस. उद्या दिवसभर उपास, दार बंद, लिहिणं बंद. म्हणून आताच लिहून ठेवते.

आमच्यात आज सगळ्यांनी एकमेकांची माफी मागायची असते. देवाची उद्या, माणसांची आज. माणसाचं देणं देव माफ करत नाही, ज्याचं त्याच्याकडेच जाऊन मागावं लागतं. माझी आई कोळणीपासून शिक्षिकेपर्यंत सगळ्यांकडे जाऊन यायची. धाकट्याने थोरल्याकडे जायचं, हा रिवाज.

अरी येईल असं वाटलं नव्हतं. एक वाजता आला, पांढरा शर्ट घालून. आधी माझ्याकडे. माझा हात हातात घेऊन बोटं ओठांना लावली. "मम्मी, माफ कर." मी म्हटलं, केलं. मनापासून केलं का, ते मला माहीत नाही.

मग तो सियोनकडे वळला, पण सियोन आधीच खुर्चीतून उठला होता. गुडघे दुखत असताना, टेबलाला धरून. तो अरीकडे चालत गेला. थोरल्याने धाकट्याकडे! त्याने अरीचे दोन्ही हात धरले आणि आपल्या कपाळाला लावले. अरी म्हणाला, "डॅडी, नको. सोडा ना. मी केला माफ, कधीच."

बापाने पोराची क्षमा मागावी असं काय झालं? मला वाटलं, सभेत पोराच्या बाजूने एक शब्द बोलला नाही, त्याबद्दल असेल. मोठ्या मनाचा आहे सियोन, असं मनात म्हणून मी उपासाआधीचं जेवण वाढायला घेतलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार, शिळा सण (उपासाच्या दुसऱ्या दिवशीचा)

काल रात्री उपास सुटल्यावर, पहिल्या घोटाच्या चहाबरोबर, सियोनने सांगितलं. "डचेसला मी मारलं. अरीचा बाण, अरीचं धनुष्य. अनोळखी मासा मेला असता तर एकानेही मत बदललं नसतं." धनुष्य आमच्या गराजमध्ये, म्हणून बाणाचं ऐकताक्षणी अरीने ओळखलं होतं की हे डॅडींचंच काम. म्हणून गप्प राहिला.

आज सकाळी आम्ही दोघांनी बसून ठरवलं ते असं:

सियोनच्या सहीचं पत्र — खात्याच्या बाईला. सोमवारी नऊच्या आत, अरीची चौकशी सुरू व्हायच्या आधी.

बेलिफचा बिल्ला आणि फाटकाच्या दोन्ही किल्ल्या — कॉलिनला. सियोनने स्वतः नेऊन द्यायच्या, पोस्टाने नाही.

माझा राजीनामा आणि मिनिट्सचं, म्हणजे सभांच्या नोंदींचं पुस्तक — कॉलिनलाच. अरी म्हणाला होता, बाण माझा आहे. त्यापुढचं मी माझ्या पदरचं घातलं, हे समासात लिहून, खाली सही करून.

नवीन नियम — क्लबकडेच राहू दे, किंवा त्यांनी पुन्हा मतं घ्यावी. ते आता आमच्या हातात नाही.

सियोनच्या सगळ्या रॉड्स, रिळं, जाळं — अरीला. तो नको म्हणेल. तरी द्यायच्या.

डॅनिएलाला — फोन. माझा, आजच.

सियोनला — मी. सोमवारी खात्याच्या ऑफिसात, त्याच्या शेजारच्या खुर्चीत. अजून रागावलेली.