बादलीत उघडलेली छत्री

तीर्थस्वरूप वहिनींना,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे खरोखरच वाकून, कारण इथे मला मिळालेलं टेबल माझ्या मेव्हणीच्या शाळेच्या दिवसांतलं आहे. तुमचा गुडघा कसा आहे? दादाचा आवाज कसा आहे हे विचारत नाही. वारा बरा असला की इथवर येतो. आम्ही दोघं सुखरूप आहोत (ही जास्त, मी कमी).

छापखाना बंद पडल्यावर आम्ही हिच्या माहेरी तात्पुरते राहायला आलो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. उभा जन्म मुद्रितं तपासण्यात गेला, पण 'तात्पुरते' हा शब्द इतका लांब असेल असं कधी वाटलं नव्हतं. आल्यापासून एकच प्रश्न मला खातोय: या घरात मी राहावं की निघावं? सासूबाईंचं काही नाही, त्या बिचाऱ्या गरीब गाय. पण सासरे! तुरुंगाधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस. जेवायला बसताना अजून सगळ्यांवरून नजर फिरवतात, मोजणी जुळली की मगच पहिला घास. माझ्याशी मात्र बोलत नाहीत. नोकरी का गेली, पुढे काय, एका अक्षराने विचारलेलं नाही. मीठ हवं असलं तर मिठाकडे बघतात, मग माझ्याकडे. वहिनी, शिवी दिली तर निदान भांडता तरी येतं. हे असं मुकाट बघणं सोसवत नाही हो, अन्न गोड लागत नाही.

आता गंमत बघा, आम्ही आलो त्याच आठवड्यात या घरात आणखी दोन पाहुणे आले. सासऱ्यांनी बैठकीच्या खोलीत भिंतभर काचेची टाकी ठेवलीय. आत खारं पाणी, खडक, चार मासे. (जन्मभर माणसं गजांआड सांभाळलेल्या गृहस्थाला निवृत्तीनंतर काच सुचावी, यावर मी काही बोलत नाही.) पाहुणे म्हणजे मऊ प्रवाळ. अंगठीतलं पोवळं डोळ्यांपुढे आणू नका. ही समुद्रातली जिवंत मंडळी, दिसायला झाडासारखी पण झाड नव्हे. एक बोटाबोटांचं, दुसरं अळंबीसारखं. त्या दुसऱ्याला घरात सगळे छत्री म्हणतात. आता त्यांचं स्वागत ऐका. दुकानातून आणलेली पिशवी बंदच्या बंद टाकीत तरंगत ठेवली, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं कोमट व्हावं म्हणून. मग बारीक नळीतून टाकीचं पाणी पिशवीत थेंब थेंब, कारण नवं पाणी एकदम सोसत नाही. दिवे मंद. तळाशी सावलीत जागा, शेजाऱ्यांपासून चांगली लांब, कारण प्रवाळांतही शेजारी डंख मारतात म्हणे. (हे ऐकून सासूबाईंनी खिडकीतून पलीकडच्या घराकडे पाहिलं.) शिवाय घरादाराला तंबी: हात लावायचा नाही, जागा बदलायची नाही, मिटून बसलं तर बसू द्यायचं. आणि माझं स्वागत? सासऱ्यांनी चपलांच्या फळीकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. मला थेंब थेंब वगैरे काही नाही, एकदम बदाबदा.

मागच्या आठवड्यात ते जुन्या सहकाऱ्यांच्या मेळाव्याला गेले आणि टाकी माझ्यावर सोपवून गेले. सोपवली म्हणजे टाकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हटलं, नाव काढायची हीच वेळ. आणि त्यांची पाठ वळते न वळते तोच छत्री मिटली. रंग उडाला, अंगावर दुधाच्या सायीसारखा पापुद्रा धरला. ही म्हणाली, असू दे, बाबा सांगून गेलेत ना. पण चूक दिसली आणि हात लावला नाही, तर मी मुद्रितशोधक कसला! आधी तिला उचलून वरच्या खडकावर भर उजेडात ठेवलं (आजारी माणसाला खिडकीशी बसवतात तसं). ती आणखी आकसली. मग मऊ दातब्रश घेऊन ती साय खरवडली. साय निघाली, पण छत्री लिंबाएवढी झाली. मेली म्हणायची! माझ्या तोंडचं पाणी पळालं. नेहमीच्या दुकानदाराला विचारावं तर तो सासऱ्यांचा दोस्त. म्हणून शहराच्या पार दुसऱ्या टोकाचं दुकान गाठलं, हुबेहूब तशीच छत्री आणली आणि पिशवी तरंगवण्यापासून थेंबांपर्यंत सगळं यथासांग केलं. (भीतीपोटी माणूस किती शिस्तीत वागतो!) मेलेली छत्री टाकीच्याच पाण्यासकट बादलीत घातली आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यात झाकून ठेवली, सवडीने कुंडीत पुरू म्हणून. तिकडे मग मी फिरकलोच नाही, धीर होत नव्हता.

सासरे परतले ते पायातले बूट न काढता टाकीपुढे उभे. बघतायत, बघतायत. इकडे माझी पाचावर धारण. मग मी आल्यापासूनचं पहिलं वाक्य ते माझ्याशी बोलले. "मोजणी बरोबर आहे," म्हणाले, "कैदी बदललाय."

मी एका दमात सगळं ओकून टाकलं. मुकाट बादली आणली, झाकण काढलं, आणि वहिनी, तुम्हाला खोटं वाटेल, ती मेलेली छत्री आत ऐटीत पसरून बसली होती! बारीक बारीक असंख्य बोटं बाहेर काढून डुलत होती मेली. नव्या जागी आलं की हे प्रवाळ जुनं कातडं टाकतं, तेच त्याचं रुळणं, हे म्हणे सासूबाईंनाही माहीत होतं. (मग माझा ब्रश चालला होता तेव्हा त्या गप्प का, असं विचारलं, म्हणाल्या, "तुम्ही इतक्या मनापासून करत होता.") न्हाणीघरात कुणी तिच्या अंगावर उजेड पाडला नाही की उपकार केले नाहीत, म्हणून वाचली. सासऱ्यांनी मला एका शब्दाने काही म्हटलं नाही. बादली उचलली, नळी आणली आणि थेंब थेंब परत सुरू. मी समजलो, आपलं इथलं दाणापाणी संपलं.

असो. इकडची खुशाली ही अशी आहे. गुडघ्याला जपा, जिना कमी चढा.

तुमचा,
बदाबदा ओतलेला धाकटा दीर

ता. क. – पत्र खरं तर यासाठीच लिहिलं: तुमची शिवणयंत्राची खोली आम्हाला मिळेल का? दादाला तुम्हीच विचारा, तेही तो जेवून उठल्यावर, उपाशीपोटी नको. मी भाजी निवडीन, केर काढीन, काय सांगाल ते करीन. फक्त जेवताना माझ्याकडे बघून कुणीतरी चार शब्द बोला.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवायला डिंक शोधत होतो, तो सासऱ्यांनीच आणून दिला आणि शेजारी बसले. मी यायच्या आधीच त्यांनी घरात बजावलं होतं, की पोराचं काम सुटलंय, कुणी चौकश्या करायच्या नाहीत, शहाणपण शिकवायचं नाही, त्याला त्याचा वेळ घेऊ द्या. नव्या कैद्यालाही ते महिनाभर असंच सोडत. लगेच बोलतं करायला गेलं की माणूस आतून मोडतो, म्हणाले. आणि वहिनी, मी महिनाभर या माणसावर डूख धरून बसलो होतो! लाज कसली, सरळ लिहितो, मी रडलो. सासूबाईंनी टॉवेल दिला. खोलीचं दादाला विचारू नका. आम्ही इथेच राहतो.

ता. क. तिसरा – त्यांच्या हिशेबाने माझा महिना काल भरला, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. सकाळच्या चहापासून बोलतायत. जेवणाची वेळ झाली तरी अजून पहिल्या नेमणुकीच्या तुरुंगाच्या फाटकातच उभे आहेत, आणि त्यांच्या बदल्या झाल्या अकरा. वहिनी, खोलीचं विचारूनच टाका. दादा उपाशी असला तरी चालेल.