थोरलीचं स्लाइम

४ मे, शनिवार

स्लाइम! सकाळपासून घरात दुसरा शब्द नाही. शाळेला सुट्टी लागली आणि थोरलीनं कुठल्याशा व्हिडिओत ते बघितलं. मला विचारलं नाही. भिंतीला सांगितलं — "बाबा घरी असते तर केलं असतं त्यांनी." बाबा तिकडे कारखान्यात कुणाच्या तरी दारांना रंधा मारतायत. फोन केला तर नवरा म्हणतो, "अगं, कर ना त्यांच्याबरोबर. तुला आज सुट्टीच आहे." सुट्टी! भिजवलेले कपडे, तुंबलेली मोरी, धाकट्याची तुटकी चप्पल — ही माझी सुट्टी.

केलं. नवऱ्याचाच सुतारकामाचा पांढरा गोंद, कपडे धुवायचं लिक्विड, एक जुनं पातेलं. ढवळलं, ढवळलं, ढवळलं. झालं काय, तर सर्दी झालेल्या माणसाच्या रुमालात असतं ते. धाकटा लोळून लोळून हसला. सहा वर्षांचा आहे, शेंबडाएवढा मोठा विनोद त्याच्या जगात नाही. थोरली हसली नाही.

"काकू, तुम्हाला जमत नव्हतं तर आधी सांगायचं ना."

दहा वर्षांची कार्टी! जीभ बघा. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तिनं कामाशिवाय मला हाक मारलेली नाही. मी तिची कोण? पातेलं घासणारी.

५ मे, रविवार

रविवार म्हणजे त्यांच्या आईचा फोन. नवऱ्याची पहिली बायको. घटस्फोटानंतर नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली, मुलं इथं ठेवून. आठवड्यातून एकदा पडद्यावर उगवते — केस धुतलेले, कानात नवीन काहीतरी, जिभेवर साखर.

"आई, काकूंनी केवढा गोंद वाया घालवला."

"असू दे गं राणी, त्यांना कशाला त्रास देता? त्या दमत असतील."

दमत असतील! मी आत भांडी लावत होते. एक ताटली जरा जोरातच ठेवली गेली. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नाही. डोंगराला कधी उलटी पुसावी लागत नाही, गृहपाठावर सही करावी लागत नाही.

७ मे, मंगळवार

कामावर, चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाईक नव्हतं. लेन्स बसवून देणारी आमची ताई चष्मे पुसत बसली होती, तिला सांगितलं. ती म्हणाली, "साबणाचं पाणी कशाला घातलंस? लेन्स धुवायचं आपलं पाणी घाल. त्यात बोरिक असतं, ते गोंदाला धरतं. आणि आधी गोंदात चिमूटभर खायचा सोडा. माझ्या दोघांनी माझा गालिचा घालवलाय, मला सगळं पाठ आहे." मग उघडलेली एक बाटली माझ्या पिशवीत टाकली. "मालकांना नको सांगू. आणि पोरांना तोंडात घालू देऊ नकोस, हात धुवायला लाव."

मी का आणली ती बाटली? माझं मलाच कळत नाही. कोण विचारणार आहे?

८ मे, बुधवार

जमलं!

जेवणं झाल्यावर ओट्यावर बसवलं दोघांना. काचेच्या वाडग्यात गोंद, सोडा, थोरलीनं निवडलेला खायचा हिरवा रंग. लेन्सचं पाणी मी थेंब थेंब सोडत होते, ती ढवळत होती. आधी काहीच होईना. गोंदच तो, चमच्याला लोंबणारा. थोरलीच्या कपाळावर आठी यायला लागली. मला वाटलं, झालं, आता पुन्हा ऐकायचं. आणि एकाएकी वाडग्याच्या कडेपासून ते सुटायला लागलं. काचेला काही चिकटलेलं नाही, सगळं गोळा होऊन चमच्याभोवती!

"काकू, सुटलं! बघा, बघा, सुटलं!"

मग हात घातले. थंडगार, लिबलिबीत, ओढलं की लांब होतं, सोडलं की गपकन खाली. धाकट्यानं त्यातून पादल्यासारखा आवाज काढला. थोरली हसता हसता माझ्या खांद्यावर टेकली. खरंच टेकली. हात त्या गोळ्यात अडकलेले होते म्हणून असेल. मी हललेच नाही. पाठीला रग लागली तरी हलले नाही.

नवरा दारात उभं राहून म्हणाला, "अरे वा, माझा गोंद संपला वाटतं." संपू दे.

१२ मे, रविवार

"आई, बघ! मी केलं. एकटीनं केलं."

मी आतच होते, ओट्यापाशी. धाकटा मध्ये बोलला, "नाही, काकूंनी पण…" पुढचं ऐकू आलं नाही. टेबलाखालून लाथ बसली असणार, कारण तो कळवळला.

"माझी गुणाची बाय ती!" पडद्यावरची म्हणाली. घ्या. आयत्या बिळावर नागोबा! बीळ उकरून हाताची सालं माझी गेली.

पण खरी बातमी पुढं. तिनं नवऱ्याला फोन द्यायला सांगितला. तो गॅलरीत जाऊन बोलला. आत आला तो शर्टाचं बटण कुरवाळत. ती येत्या रविवारी येतेय. मुलांना न्यायला. कायमचं.

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? आई आहे ती. हक्क आहे तिचा."

"आणि मी?"

"तुला नाहीतरी त्रासच होत होता ना."

कामवालीलासुद्धा महिनाभर आधी सांगतात.

१३ मे, सोमवार

मला आनंद झाला आहे. नीट लिहून ठेवते — मला आनंद झाला आहे.

१५ मे, बुधवार

थोरलीनं बॅग भरली. काढली, पुन्हा भरली. गाणं गुणगुणतेय! या घरात मी तिला गुणगुणताना पहिल्यांदा ऐकलं. "आईकडे मला माझं कपाट असेल," असं धाकट्याला सांगत होती. हिरव्या गोळ्याचा उरलेला भाग सोफ्यावर थापलाय. व्हिनेगर लावून तासभर खरवडत बसले. जाताना तरी सोफा सोडायचा होता माझा.

धाकटा शेजारी येऊन बसला.

"काकू, तिकडे रात्री शू लागली तर कोणाला उठवायचं?"

"आईला."

"पण मी हळू हाक मारतो. तिला माहितीये का?"

"सांगेन मी तिला."

व्हिनेगर डोळ्यांना फार झोंबतं.

१९ मे, रविवार

आली. प्रत्यक्षात बुटकी आहे. खुर्चीच्या टोकावर बसली, पाणी अर्धंच प्यायली. थोरली तिला चिकटली ती सोडेना. मग ती म्हणाली, "जरा मोठ्या माणसांचं बोलायचंय," आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरात गेलो. दार मीच लावलं.

उभ्या उभ्याच सांगून टाकलं. जागा एका खोलीची आहे. दोघांचं नाही जमणार. धाकट्याला नेते, तो लहान आहे. आणि मग — नजर ओट्याकडे ठेवून — "तिचं मला खरंच झेपत नाही हो. हट्टी आहे. सारखी अंगाशी येते, सारखं काहीतरी हवं असतं. तुमच्याकडे ती चांगली राहते."

माझ्याकडे! चांगली!

"तिनं बॅग भरलीय," मी म्हणाले. आवाज चढला असेल, बाहेर गेला असेल. "तुम्ही फोनवर 'मुलांना नेते' म्हणाला होतात. मुलांना! ती दार उघडून बसलीय सकाळपासून."

"तुम्ही समजवा ना तिला. तुम्ही बाई आहात."

नवरा? फ्रिजकडे बघत होता. फ्रिजवर काहीही लिहिलेलं नव्हतं.

तिला एवढंच सांगू शकले की धाकटा रात्री हळू हाक मारतो. "माझंच लेकरू आहे, कळेल मला," म्हणाली.

बाहेर जाऊन तिनं थोरलीच्या गालाला हात लावला. "तुझं नंतर बघू हं राणी. शाळेचं वगैरे." बस. धाकट्याला काही कळलं नाही, तो ताईची वाट बघत गाडीत सरकून बसला, तिच्यासाठी जागा ठेवून. थोरली रडली नाही. त्याची पिशवी तिनंच गाडीत ठेवली. मग स्वतःची बॅग उचलून आत घेऊन गेली. नवरा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. माणूस आहे की पाट!

२० मे, सोमवार

दुकानात गेले नाही. थोरलीनं सकाळी काही खाल्लं नाही, दुपारचं ताटही तसंच. चारच्या सुमारास स्वयंपाकघरात आली. डोळे सुजलेले, मुठी आवळलेल्या.

"काल दार लावून तूच सांगितलंस ना तिला? मला नेऊ नको म्हणून? तुझाच आवाज येत होता. ती नेणार होती मला!"

मी गॅस बंद केला.

"हो," म्हटलं. "मीच सांगितलं."

माझ्या अंगावर धावून आली. पोटात, छातीत, जिथं लागेल तिथं मारलं. मारू दिलं. मग ताट ओढून घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून सगळं जेवली.